मे महिन्यातला स्वेटर

नाशिकमध्ये मे महिन्याच्या भर दुपारी अंगात स्वेटर घालून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आडगाव नाक्याच्या पुढे ट्रकच्या गॅरेजांची जी रांग आहे, तिच्यातल्या शेवटच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. 'करायचा' म्हणतेय खरी, पण तोंडावर आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो. तशी त्यांची जरबच होती.

स्वेटर बिनबाह्यांचा, तपकिरी, बायकोनं विणलेला. शेडच्या दारामागं खिळ्याला टांगलेला असे. एसीचं काम झालं की मिस्त्री तो अंगात चढवत, गाडीच्या मागच्या सीटवर मांडी घालून बसत, काचा बंद करायला लावत आणि मालकाला म्हणत, "फिरवा आता ओझरपोत." परत येईस्तोवर स्वेटर अंगात राहिला तर काम पास. मधेच काढावा लागला तर काम नापास आणि गाडी पुन्हा शेडात. मी एकदा न राहवून विचारलं, "मिस्त्री, तुमच्याकडं थर्मामीटर नाही का?"

"हाय ना. पन त्याला कुठं घाम येतो?"

माणूस मूळचा देवळ्याकडचा. रागावला किंवा खूश झाला की अहिराणीवर जायचा, त्यामुळे त्यांच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निघालं की समजायचं, आता काहीतरी होणार. जेवण म्हणजे भाकरी, ठेचा आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. कांदा देवळ्याचाच लागे. नाशिकच्या बाजारातला कांदा त्यांच्या मते कांदा नव्हताच, ती नुसती सालं. शेडात पंखा नाही, घरी फ्रीज नाही, थंड पाणी वर्ज्य. लोक हसत. मिस्त्री म्हणत, "हलवाई रोज पेढं खातो का?"

दुसरं वेड बुचांचं. सलाईनच्या बाटल्यांची रबरी बुचं त्यांनी बिस्किटांच्या तीन डब्यांत भरून ठेवली होती. ओळखीचा एक कंपाउंडर ती आणून देई. एसीचा कुठलाही पाइप सोडला रे सोडला की त्याच क्षणी त्याच्या तोंडात बूच. "हवा आत गेली की तिच्यासंगं पानी जातं. पानी गेलं की झालं वाटोळं," हे ते दिवसातून दहादा म्हणत. योग्य मापाचं बूच सापडेपर्यंत गिऱ्हाइकानं पाइपाच्या तोंडावर बोट दाबून उभं राहायचं, असा तिथला कायदा. एकदा मी गेले तेव्हा चार अंगठ्या घातलेला एक बिल्डर असाच बोट दाबून उभा होता. खिशातला फोन वाजत होता, पण त्याची बोट काढायची हिंमत नव्हती. मिस्त्री निवांतपणे डबा धुंडाळत होते. मला अजून वाटतं, त्यांना बूच केव्हाच सापडलं होतं.

गॅस मात्र कधी हवेत सोडायचे नाहीत. बाकीचे लोक जुन्या गाडीचा एसी काढताना नळी सैल करतात आणि फुस्स करून सोडून देतात. मिस्त्री तो मशीन लावून सिलिंडरमध्ये ओढून घेत. "ज्या आभाळाखाली निजतो, त्यात थुकायचं नाय." त्यांच्या या बोलण्यावर आजूबाजूचे गॅरेजवाले टिंगल करत, पण स्वतःच्या गाडीचा एसी बिघडला की तेही मिस्त्रींकडंच येत.

आता आमची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय हे मिस्त्री तुम्हाला अर्धेच कळतील.

आमचे हे दिंडोरीच्या पुढच्या एका गावात शाळेत गणित शिकवायचे. बावीस वर्षं दहावीचा वर्ग यांच्याकडं. मग यांना मज्जातंतूंचा आजार निघाला. काठी घेऊन चालता येई, डोकं तर माझ्यापेक्षा तल्लख, पण अंग तापलं की पाय ऐकेनासे होत. अंग थंड झालं की तासाभरात पाय पुन्हा आपले. डॉक्टरांनी आम्हाला हे आकृती काढून अर्धा तास समजावलं होतं. मी मिस्त्रींना दोन वाक्यांत सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजी वायरीवरचं कव्हर गेलंय. तापली की करंट फुडं जात नाय." डॉक्टरांच्या आकृतीतही याहून जास्त काही नव्हतं.

यांना शाळेत न्यायचं-आणायचं काम माझं. आमची जुनी व्हॅन होती, हे धडधाकट असताना घेतलेली. तिचा एसी असा की दिंडोरी येईतो खिडकीच्या काचेवर दव धरे. पण पत्रा सडला होता, पायाखालचा रस्ता दिसू लागला आणि मार्चमध्ये पासिंग नाकारलं. मग घाईघाईनं दुसरी व्हॅन घेतली. त्याच कंपनीची, थोडी अलीकडची, पत्रा ठणठणीत, पण तिला एसी नव्हता. म्हटलं, चालवून घेऊ.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या दिवशी त्या व्हॅननं आम्ही शाळेत पोचलो आणि यांना उतरताच येईना. पाय सीटवर होते, पण कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. शेवटी दोघा शिपायांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून यांना मैदानातून उचलून नेलं. वर्गांच्या खिडक्यांत पोरं उभी होती. कुणी हसलं नाही, तेच वाईट. आठवड्यानं मुख्याध्यापकांचा निरोप आला. माणूस वाईट नव्हता, जपून जपून बोलला. मेमध्ये दहावीचे जादा तास सुरू होतात, त्याला सरांना यायला जमलं तर उत्तम, नाही जमलं तर दहावी दुसऱ्या शिक्षकांकडं देऊ, सरांनी घरी आराम करावा.

"एकदा घरी बसलो की बसलोच मी," हे म्हणाले.

म्हणून मी दोन्ही व्हॅन घेऊन मिस्त्रींच्या दारात गेले. एक मी चालवत नेली, दुसरी भावानं. हे बरोबर होतेच. मिस्त्रींनी दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडून पाहिली, नव्या व्हॅनच्या इंजिनावर हात फिरवला आणि म्हणाले, "थोरलीची साडी धाकटीला बसंल. पन ब्लाऊज उसवावं लागंल." म्हणजे कॉम्प्रेसर बसवायला नवी पट्टी वेल्ड करावी लागणार होती.

मग त्यांनी एक स्टूल आणून यांच्यासमोर ठेवलं, त्यावर बसले आणि विचारलं, "सर, ऊन पयलं कुठं लागतं तुमाला?"

हे गोंधळले. मग विचार करून म्हणाले, "मानेला. मान तापली की मग गुडघ्यातला जीव जातो."

मिस्त्रींनी खिशातून सुतळी काढली आणि यांच्या मानेपासून डॅशबोर्डपर्यंतचं अंतर मोजून गाठ मारली. तीन वर्षांत आम्ही किती दवाखाने पालथे घातले, पण ऊन नेमकं कुठं लागतं हे यांना कुणी विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी मिस्त्रींच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण त्यांनी लगेच माझ्या हातात एक पाइप देऊन बोट दाबायला सांगितलं.

जुन्या गाडीचा एसी काढायच्या आधी गाडी उभी ठेवून अर्धा तास चालवायचा, असा त्यांचा नेम. त्यानं तेल आपापल्या जागी येतं म्हणे. त्यांनी स्वेटर घातला, आम्ही दोघं पुढं बसलो आणि त्या सडक्या व्हॅनमध्ये आम्ही शेवटचा गारवा खाल्ला. यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग गॅस ओढून घेतला, आणि एकेक भाग निघत गेला. कॉम्प्रेसर, आतली कूलिंग कॉइल, इंजिनापुढची जाळी, नळ्या. प्रत्येकाला बूच आणि प्रत्येकावर खडूनं 'सर' असं लिहिलेलं. सामानाची नावं ते कधी लिहीत नसत, माणसांची लिहीत. एक छोटी बाटली मात्र त्यांनी भंगारात टाकली. आतला ओलावा शोषून घेणारी ती बाटली. "बाकी सगळं जुनं चालंल. ही नवी. दुसऱ्याचा टॉवेल कोन वापरतं?"

दोन दिवस त्यांना वेल्डिंग करायचं होतं. शेडात लोखंडाचा कीस उडतो म्हणून सगळं सामान त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या घरी दिलं, मखमलाबाद रोडला. "ताई, काढनं सोपं आसतं, लावनं सोपं आसतं. मधलं सांभाळनं आवघड. पुसू नका, झटकू नका, बूच काढू नका."

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी स्वच्छतेची जरा जास्तच आहे. माझ्या घरात पाहुण्यानं चप्पल दारात काढली तरी मी ती पालथी करून तळ बघते. मंगळवारी संध्याकाळी ती कॉइल आली, बुधवारी सकाळी मी चादर उघडून पाहिली. कॉइलच्या पत्र्यांत माती, केस, वाळलेली पानं आणि एक मेलेलं झुरळ. बाहेरून ब्रश मारला. मग वाटलं, बाहेर असं तर आत काय असेल? बूच काढून बघितलं तर आत काळपट तेल. माझ्या डोक्यात आलं की यातून निघालेली हवा हे नाकानं घेणार! त्या नळ्यांतून गॅस फिरतो आणि हवा नुसती बाहेरून जाते, हे मला कुठं ठाऊक?

सर्फ वापरावा तर नाजूक वस्तू. म्हणून मी रिठे भिजत घातले. दागिने धुवायला, भारी साड्या धुवायला घरात रिठे असतातच. त्याच्या फेसाळ कोमट पाण्यानं मी ती कॉइल आणि ती जाळी आतून-बाहेरून धुतली. नळाची रबरी नळी लावून खळखळून काढली. पाणी स्वच्छ येईतो सोडलं नाही. मग बुचं होती तशी लावली. कॉम्प्रेसरही धुणार होते, पण तो उचलेना.

गुरुवारी मिस्त्री सामान न्यायला आले, तेव्हा मी कौतुकानं सांगितलं, "बघा, कसं लख्ख केलंय."

मिस्त्रींनी कॉइल हातात घेतली आणि हलवली. आतून डुबुक् असा आवाज आला. ते ओट्यावर बसले. विष खाल्लेल्या माणसाबद्दल डॉक्टर विचारतात तसं त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"काल दहाच्या सुमारास."

"आनि कामप्रेसर?"

"त्याला हात लावला नाही. उचलला नाही मला."

मिस्त्रींनी आभाळाकडं बघून हात जोडले. "जड शे तेच बरं शे."

मग काय झालंय ते मला सांगितलं. आत पाण्याचा थेंब राहिला तर गॅस भरल्यावर तो आत गोठणार, नळीचं तोंड बंद होणार, आणि पुढं तेलात मिसळून कॉम्प्रेसरच खाऊन टाकणार. जुन्या मॉडेलची ती कॉइल नाशिकमध्ये मिळणं मुश्किल होतं. सोमवारी जादा तास सुरू होत होते. मी तिथंच दारात रडायला लागले. नवऱ्याचे पाय वाचवायला निघालेली बाई मी, आणि रिठ्याच्या पाण्यानं मीच ते धुऊन टाकले होते. मला माझ्या त्या स्वच्छतेची आयुष्यात पहिल्यांदा किळस आली.

"रडू नका. आधीच लय पानी झालंय," मिस्त्री म्हणाले. "ताई, कुरडया घालता ना तुमी?"

मला कळेना. "घालते की. दरवर्षी."

"मंग चला."

शेडवर जाऊन त्यांनी फ्रीज दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याकडून नायट्रोजनचं सिलिंडर आणलं आणि कॉइलमधून जोरात वारा सोडला. दुसऱ्या तोंडानं आधी पाणी उडालं आणि मग फेस. रिठ्याचे पांढरे फुगे आडगाव नाक्यावर तरंगत निघाले. ट्रकवाले ड्रायव्हर थांबून बघायला लागले. एकानं हाक मारली, "काय मिस्त्री, सर्कस काढली का?" फेस थांबल्यावर मिस्त्रींनी शिडी लावली आणि ते सामान शेडच्या पत्र्यावर चढवलं.

"ह्या उन्हानं सरांचं पाय बांदलं ना? आता त्येच ऊन राबवू. दर तासाला फिरवायचं. तोंड खाली ठिवायचं, म्हंजी पानी उतरतं. वाळवन कसं फिरवायचं, त्ये तुमाला मी काय शिकवू?"

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस मी डोक्याला ओढणी गुंडाळून त्या शिडीवरून वर-खाली केलं. पत्रा असा तापे की हात टेकवत नसे. दर तासाला कॉइल उलटायची, जाळी फिरवायची, मिस्त्री खालून वारा सोडत तेव्हा नळी धरायची. कुरडईचा कोणता कोपरा ओला राहतो हे मला नजरेनं कळतं. इथं नजर पोचत नव्हती, म्हणून मी वाऱ्यासमोर तळहात धरून ओल बघायला शिकले. मिस्त्री वर बघून विचारत, "वाळलं का, ताई?" आणि मी "अजून नाही" म्हटलं की मान हलवत. एकदाही त्यांनी मला दोष दिला नाही, आणि गंमत म्हणजे स्वतः बघायलाही वर आले नाहीत. माझ्या हातावर सोडलं त्यांनी.

यांना मी काही सांगितलं नव्हतं. पण शनिवारी माझं नाक सोललेलं बघून यांनी विचारलंच. मी सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून बसले. वर बघते तर हे हसत होते. "रिठ्यानं धुतलंस? पैठणी वाटली का तुला ती?" खुर्चीच्या त्या दिवसानंतर यांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. मलाही हसू आलं आणि मग दोघांना आवरेना.

रविवारी सकाळी सगळं धाकट्या व्हॅनमध्ये बसलं. नवी बाटली लागली. वॉशिंग मशीनचा एक जुना पाइप डॅशबोर्डपासून यांच्या मानेमागपर्यंत आला, सुतळीच्या गाठीइतका अचूक. मग मिस्त्रींनी आतली सगळी हवा ओढून घेणारा पंप लावला आणि दाबाच्या काट्यासमोर बसले. आत थेंबभर पाणी असेल तर पंप बंद केल्यावर काटा परत वर सरकतो. दुपारी तीनला पंप बंद केला. मिस्त्री बघत होते, मी बघत होते, हे खुर्चीत बसून बघत होते. भाकरी तशीच राहिली. पाच वाजले. काटा हलला नाही.

"वाळवन झकास," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी थोरलीचाच गॅस सिलिंडरमधून धाकटीत भरला.

"स्वेटर?" मी विचारलं.

"आत्ता नाय. सांजच्याला कोनबी पास होतंय. उद्या येतो मी संगं."

सोमवारी दहाला आम्ही निघालो. ऊन असं की रस्ता पाण्यासारखा दिसत होता. मी गाडी चालवत होते, हे शेजारी, मागं मांडी घालून स्वेटरातले मिस्त्री. म्हसरूळ मागं पडलं. पुढं एक पूल लागतो, तिथं आलं की यांचे पाय जडावायला लागत, ते मला न सांगताही कळे, कारण हे मांडी चिमटून बघत. त्या दिवशीही चिमटली. मी विचारायला घाबरत होते. पूल गेला, ढकांबे गेलं. मग हे हळूच म्हणाले, "दुखलं."

"काय दुखलं?" मी दचकून विचारलं.

"चिमटा."

शाळेच्या फाटकाशी दोघे शिपाई तीच पांढरी खुर्ची घेऊन उभे होते. मी व्हॅन अगदी जवळ नेली. यांनी दार उघडलं, काठी टेकली, एक पाय खाली, दुसरा खाली, आणि उभे राहिले. शिपायांना हातानंच नको म्हणाले आणि निघाले. मैदान काही मोठं नाही, पण त्या दिवशी ते मला संपता संपेना. निम्म्यात लिंबाखाली हे एकदम थांबले. एक शिपाई खुर्ची घेऊन पळाला. पण हे एका पोराकडं काठी रोखून बघत होते.

"शर्ट खोच आधी."

पोरानं शर्ट खोचला. हे पुढं गेले, तीन पायऱ्या चढले आणि वर्गात शिरले. आतून बाकं सरकल्याचा आवाज आला, सगळी पोरं उभी राहिली असावीत. शिपाई खुर्ची खाली ठेवून स्वतःच तिच्यात बसला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. गुरुवारपासून रडू दाबून ठेवलं होतं, ते त्या दिवशी मोकळं झालं, आणि त्यानंतर इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

पुढं पाच उन्हाळे त्या व्हॅननं काढले आणि हे दहावीच शिकवून निवृत्त झाले. पण ते मला मुद्दाम आठवावं लागतं. आठवावं लागत नाही ते वेगळंच. त्या दिवशी डोळे पुसून मी मागं वळून बघितलं तर सीट रिकामी. मिस्त्री केव्हाच उतरले होते. फाटकाशी, टळटळीत उन्हात, अंगात तो स्वेटर तसाच, वर्गाच्या खिडकीकडं बघत उभे होते. कपाळावरून, कानामागून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"मिस्त्री, अहो, स्वेटर!"

त्यांनी स्वतःकडं बघितलं. मग सावकाश डोक्यावरून स्वेटर काढला, त्यानंच तोंड पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं, आणि माझ्याकडं वळून हसले.

"काढावा लागला, ताई. नापास."